वरच्या मजल्यावरची वायर

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये लाइट गेली की आमच्याकडे आधी कौशिक आंटींचं नाव घेतलं जायचं, देवाचं नंतर. आम्ही तळमजल्यावर, कौशिक मंडळी बरोबर आमच्या डोक्यावर. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, आमच्याकडे नव्हता, आणि त्यांच्या मागच्या बाल्कनीतून एक काळी वायर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सोडलेली होती. खिडकीच्या जाळीला बाबांनी त्या वायरपुरतं भोक पाडलं होतं आणि आतल्या बाजूला एक बोर्ड ठोकून त्यावर एकच प्लग बसवला होता. एकच, कारण ठरलंच तसं होतं. अभिचं मशीन लावायचं, आणि ते चालू नसेल तेव्हा एक ट्यूबलाइट. पंखा नाही. कूलर तर नाहीच नाही. लाइट गेली की अख्ख्या ब्लॉकमधून ‘गई!’ असा एक सामुदायिक आवाज उठायचा, मग जिन्यात चपला वाजायच्या, कुणीतरी खाटा बाहेर ओढायचं, आणि आमच्या घरात आई त्या प्लगकडे बघायची. वरून आंटींनी खटका दाबला की बोर्डावरचा लाल ठिपका लागायचा. तो लागेपर्यंत आई श्वास रोखून उभी असायची.

अभि माझा धाकटा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला दमा होता. दमा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर म्हातारा येतो. आमच्याकडचा दमा हाफ पँट घालून, बॅट खांद्यावर टाकून फिरायचा. छाती भरली की त्याच्या श्वासातून बारीक शिट्टी ऐकू यायची, आणि ती आईला घराच्या कुठल्याही कोपऱ्यात, कुकर चालू असतानासुद्धा ऐकू जायची. मग मशीन बाहेर निघायचं. पांढरं, डब्याएवढं, घर्र घर्र करणारं. औषधाची वाफ करून ती नळीतून मास्कमध्ये सोडायचं. अभिनं मास्क लावून बसायचं आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. त्या मशीनला वीज लागते, एवढी साधी गोष्ट, पण आमचं सगळं घर तिच्याभोवती फिरत होतं. दिल्लीत मे-जूनमध्ये आंधी येते. पुण्या-नागपूरच्या माणसाला ती सांगून कळत नाही. भर दुपारी आकाश आधी पिवळं पडतं, मग विटकरी होतं, समोरचं झाड दिसेनासं होतं, दातांखाली वाळू कचकचते आणि पहिल्याच सपाट्यात लाइट जाते. म्हणजे ज्या घटकेला अभिची छाती भरणार, नेमकी त्याच घटकेला मशीन मुकं होणार. आता माझ्या सोसायटीत जनरेटर डोळ्याचं पातं लवेपर्यंत चालू होतो, लिफ्टसुद्धा धड थांबत नाही. तरी दिवा नुसता लुकलुकला की मी हातातलं काम टाकून उभी राहते. नवरा हसतो. हसू दे.

वायरच्या बदल्यात आंटी काही म्हणजे काही घेत नसत, आणि तीच आईची पंचाईत होती. वरून भांडं आलं की ते रिकामं परत पाठवायचं नाही, हा नियम तिनं माहेराहून आणलेला. इथे तर भांडं यायच्या आधीच आई आपलं भरून पाठवायची. कोथिंबिरीच्या वड्या, चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं, होळीला पुरणपोळ्या. तव्यावरच्या पहिल्या दोन पोळ्या नैवेद्याच्या आणि तिसरी वरच्यांची, मग आम्ही. ताट घेऊन जिना चढायचं काम माझं. आंटी दार उघडून, रुमाल बाजूला करून आत बघायच्या आणि आपल्या मुलीला हाक मारायच्या, ‘रुचि, आजा, नीचे से मीठे परांठे आए हैं!’ पुरणपोळीला मीठा परांठा! आईनं सकाळपासून पुरण वाटून वाटून हात मोडून घेतलेले असायचे. मी खाली येऊन सांगायची, ‘आवडल्या त्यांना.’ आई म्हणायची, ‘तूप जरा जास्त सोडायला हवं होतं का गं?’

ही वरची बाई मनानं वाईट नव्हती, हे आज या वयात मी शपथेवर सांगते. पण तोंड! संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून ती ब्लॉकभर गप्पा मारायची, आणि त्या गप्पांत आम्ही असायचोच. ‘हमारे इन्वर्टर पे तो जी दो घर चलते हैं.’ ‘मराठी लोग हैं, बड़े सीधे हैं बेचारे, बच्चे की तकलीफ़ है, अब ना कैसे करें.’ तो ‘बेचारे’ खाली आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचा. आई फोडणी घालत असली तर मोहरी जरा जास्तच तडतडू द्यायची. रुचि माझ्याच वर्गात होती. एकदा स्कूल बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, ‘यार, कल तुम्हारी मशीन के चक्कर में हमें टीवी बंद करना पड़ा.’ चिडून नाही, अगदी सहज. मी ‘सॉरी यार’ म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही काही चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरात आईचा एक शब्द होता, मिंधे. ‘आपण त्यांचे मिंधे आहोत, तेव्हा जिन्यात दिसल्या की आधी नमस्ते करायचं.’ माझ्या दिल्लीत वाढलेल्या मराठी मैत्रिणींना हा शब्द ठाऊकसुद्धा नव्हता. आमच्याकडे तो मीठ-मसाल्यासारखा रोज लागायचा.

एका मे महिन्यात नागपूरहून मामा बायकोमुलांसह दिल्ली बघायला आला. आईनं आमरसाचा घाट घातला होता. इथल्या सफेदा आंब्याच्या नावानं बोटं मोडत, ‘हा काय आंबा आहे, नुसतं पाणी,’ असं म्हणत चार वेळा साखर घातली होती. पानं मांडली आणि लाइट गेली. अभिला सकाळपासून शिट्टी होतीच, म्हणून आईनं त्याला मास्क लावून कोपऱ्यात बसवलं. आम्ही घामानं भिजत, वर्तमानपत्रानं वारा घेत जेवत होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, ‘भाभीजी! ओ भाभीजी! मेरी तार पे कूलर लगा रखा है क्या? हमारा इन्वर्टर टूँ-टूँ कर रहा है!’ आई पोळी हातात घेऊन तशीच खिडकीशी गेली. ‘नहीं जी, बस बच्चे की मशीन है.’ ‘देख लो जी. मेहमान आए हैं ना, सोचा लगा लिया होगा.’ समोरच्या ब्लॉकमधल्या दोन खिडक्या उघडल्या. मामाचा हात रसाच्या वाटीत तसाच राहिला. ‘ताई, तुम्ही यांच्याकडून वीज घेता?’ आई म्हणाली, ‘घेतो. रस वाढू का अजून?’ आणि तिनं त्याच्या वाटीत रस ओतला, तो वाटीबाहेर ताटात गेला. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि त्या पानांसकट आम्ही सगळे आत जावं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे कुतुबमिनार बघायला गेले तेव्हा आई बाबांना म्हणाली, ‘अहो, मला हे असं मिंधं जगणं नको झालंय. त्यापेक्षा अंधारात बसू.’ बाबा म्हणाले, ‘आपण बसू गं. अभि कसा बसेल?’ ‘तेच तर,’ आई म्हणाली, आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. बाबा उठले, व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. माझे बाबा, वसंतराव, हे केंद्र सरकारच्या अशा एका खात्यात होते जिथे उन्हापासून वीज करायच्या योजना आखल्या जात. कुठल्या गावाला किती सौरकंदील, पॅनेल केवढं, बॅटरी कशी, सगळ्या फाइली त्यांच्या टेबलावरून जायच्या. स्पेसिफिकेशन त्यांना तोंडपाठ. मात्र घरातला फ्यूज उडाला तर ते शेजारून माणूस बोलवत. त्या संध्याकाळी त्यांनी आईसमोर उभं राहून ऑफिसच्या थाटात सांगितलं, ‘विषय, घरासाठी स्वतंत्र वीज. प्रस्ताव सादर.’ आई म्हणाली, ‘मंजूर. पण माझ्या पाटल्यांना हात लावायचा नाही.’

भागीरथ पॅलेसच्या विजेच्या सामानाच्या बाजारात बाबा मला बरोबर घेऊन गेले. सायकलरिक्षात पॅनेल मांडीवर आडवं धरून आम्ही परत निघालो तेव्हा लोक वळून बघत होते आणि बाबा वरात घेऊन निघाल्यासारखे ताठ बसले होते. मागच्या अंगणात न्हाणीघराच्या स्लॅबवर त्यांनी पॅनेल बसवलं, खाली लाकडी पेटीत बॅटरी, शेजारी छोटा इन्व्हर्टर आणि भिंतीवर मुठीएवढा कंट्रोलर. रात्री जेवताना त्यांनी आम्हाला पाठ दिला. ‘पॅनेल कमावतं, बॅटरी साठवते. पण पॅनेलला अक्कल नसते, ते ऊन आहे तोवर ओततच राहतं. म्हणून मध्ये हा कंट्रोलर. बॅटरी भरली की हा पुरे म्हणतो. आणि तिघांचं माप एकमेकांना जुळलं पाहिजे, नाहीतर सगळं फुकट.’ आई म्हणाली, ‘पुरे म्हणणारं कुणीतरी तुमच्या ताटाशीही बसवा.’ आम्ही हसलो. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा बाबांनी खटका दाबला, मशीन घर्र करून चालू झालं, आणि आई देवासमोर हात जोडायला गेली. ते पहिलं जुळवलेलं माप अगदी बरोबर होतं, हे मला इथे नोंदवलंच पाहिजे. एक पॅनेल, एक बॅटरी, त्यांच्या मापाचा कंट्रोलर. तिथे थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

पण एका पॅनेलवर जेमतेम मशीन भागायचं, दिवा अजून त्या वायरवरच लागायचा. आई म्हणाली, दिवा आणि मुलांच्या खोलीत एक छोटा पंखा आपल्या विजेवर चालला, तर त्या वायरचं तोंड बघायला नको. वायर अजून होतीच, खिडकीत लोंबत. बाबांनी दुसरं पॅनेल आणलं. कंट्रोलर मात्र नवा आणला नाही. ‘आहे त्यात भागवू,’ म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात जवळजवळ कुळाचार होता. पोळ्या उरल्या की कुस्करा, साडी विरली की गोधडी, माझा स्वेटर उसवून अभिचा. नवीन वस्तू आणणं म्हणजे डोकं न चालवणं, असं आम्ही मनापासून मानत होतो आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. आता कंट्रोलर होता एकाच पॅनेलच्या मापाचा. दोन पॅनेलं शेजारी शेजारी जोडली असती तर दुप्पट करंट त्याच्यातून गेला असता, आणि तेवढा त्याला झेपणारा नव्हता. हे बाबांना माहीत होतं. म्हणून त्यांनी ती एकामागे एक जोडली. तसं केलं की करंट एकाच पॅनेलइतका राहतो. ‘बघ, वैशू,’ मला म्हणाले, ‘डोकं लागतं.’ करंट राहिला तेवढाच, पण व्होल्टेज दुप्पट झालं. बॅटरी भरली, कंट्रोलरनं ‘पुरे’ म्हणून पॅनेलांची वाट तोडली, आणि त्या घटकेला दोन्ही पॅनेलांचा सगळा दाब त्या मुठीएवढ्या डबीच्या अंगावर आला. पहिल्याच कडक दुपारी ती आतून जळली. आणि जळली ती अशी की वाट बंद व्हायच्या ऐवजी कायमची उघडी राहिली. आता बॅटरीला पुरे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ऊन दिवसभर तिच्यात नुसतं ओतत होतं आणि तिच्यातलं पाणी उकळून उडत होतं. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. डबीवरचा हिरवा दिवा मात्र लागलेला होता, आणि आम्ही तोच बघत होतो.

दुसरं पॅनेल बसलं त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी वायर काढली. नुसती काढून ठेवली असती तर गोष्ट वेगळी. त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसली, गोल गुंडाळली, इस्त्रीचा शर्ट घातला, पेढ्यांचा पुडा आणला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन वर गेले. आंटींनी दार उघडलं. बाबांनी दोन्ही हातांनी वायर पुढे केली. ‘भाभीजी, आपने बहुत साथ दिया. अब हमने अपना सोलर कर लिया है. आज से हम अपने पैरों पे.’ आंटी वायरकडे बघत राहिल्या. ‘अरे भाईसाहब, पड़ी रहने देते. आपको क्या काट रही थी?’ ‘नहीं नहीं,’ बाबा म्हणाले, ‘कब तक किसी के उपकार में रहेंगे?’ हे त्यांनी हसत हसत म्हटलं, पण पाठ करून आल्यासारखं म्हटलं. आंटींचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला नाही. मला, खरं सांगते, गुदगुल्या होत होत्या. जिना उतरताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. आई मागून हळूहळू येत होती. ‘उपकार हा शब्द नको होता,’ ती एवढंच म्हणाली. बाबांनी त्याच दुपारी जाळीचं भोक तारेनं शिवून टाकलं.

त्यानंतर वरून हाक यायची बंद झाली. संध्याकाळी आंटी बाल्कनीत दिसायच्या, कपडे काढायच्या आणि आत जायच्या. आईनं एकदा थालीपिठं पाठवली. आंटींनी ताट घेतलं, ‘थैंक्यू बेटा’ म्हणाल्या आणि ताट त्याच पावली रिकामं परत दिलं. परांठा नाही, रुचि नाही, काही नाही. मी ते रिकामं ताट घेऊन उतरले तेव्हा का कोण जाणे, पुन्हा तीच जुनी लाज वाटली. मागच्या अंगणात त्या सुमारास वास यायला लागला होता, सडक्या अंड्यासारखा. आई म्हणाली, ‘अहो, पेटीतून येतोय.’ बाबा म्हणाले, ‘मागे नाला आहे, उन्हाळ्यात येतोच.’ ‘पेटी हाताला गरम लागते.’ ‘जूनमध्ये काय गार लागणार?’ मुलांच्या खोलीतला पंखा आधी बराच वेळ चालायचा, मग लवकर मंदावायला लागला. ‘ढगाळ होतं आज,’ बाबा म्हणाले. ढग कुठले! दिल्लीच्या जूनमध्ये डोक्यावर नुसता तवा तापलेला असतो. पण वायर इतक्या थाटानं परत करून झाल्यावर आता सोलरमध्ये काही बिघडलंय हे ऐकायची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती.

त्या शनिवारी बाबांना सुट्टी होती. बनियन-लेंग्यात बसून ते पेपर वाचत होते. आई पीठ मळत होती. उजेड पिवळा झाला, कावळे ओरडायचे थांबले, आणि मी खिडक्या लावायला धावले तोवर धूळ घरात आलीसुद्धा. लाइट गेली. ब्लॉकमधून ‘गई!’ उठलं. अभि बाहेरून खेळता खेळता पळत आला तो दारातच बसला. शिट्टी नव्हती. शिट्टीच्या पुढची अवस्था होती, छाती आत ओढली जात होती आणि आवाज येतच नव्हता. आईनं त्याला उचलून पलंगावर ठेवलं, दम्याचा पंप तोंडात दिला, पण पंप ओढायलाही श्वास लागतो. ‘मशीन लाव, वैशू.’ मी प्लग लावला. बाबांनी खटका दाबला. मशीन घर्र करून उठलं, आवाज खोल खोल गेला, इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला आणि सगळं थांबलं. बाबांनी पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मग हिरवा दिवाही गेला.

बाबा मागच्या दारातून अंगणात धावले. मी टॉर्च घेऊन मागे. धुळीत डोळे उघडत नव्हते. त्यांनी पेटीचं झाकण काढलं तसा तो वास अंगावर आला. ‘यात पाणीच नाही,’ बाबा म्हणाले, स्वतःशीच. मग त्यांनी वायरी सोडायला घेतल्या. आईनं आतून हाक मारली, ‘अहो, वर जा. कौशिकांकडे जा.’ ‘एक मिनिट,’ बाबा म्हणाले. ‘पाणी घातलं की होईल. बॅटरीच्या पाण्याचा कॅन कुठे ठेवलाय?’ ‘अहो, अभिला तेवढा वेळ आहे का? वर जा!’ ‘एक मिनिट गं, होतंय.’ त्यांची बोटं काळी झाली होती, पान्हा निसटत होता, पण बाबा जागचे उठत नव्हते. जिना तिथून दहा पावलांवर होता. ‘मी जाते वर,’ आई दारात येऊन म्हणाली. ‘नको!’ बाबा ओरडले. ‘म्हटलं ना होतंय!’

तेव्हा आईनं त्यांना नावानं हाक मारली. ‘वसंत!’ सबंध आयुष्यात मी तिच्या तोंडून ‘अहो’शिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं; देवळात उखाणा घ्यायला लावला तरी ती तोंडात पदर धरायची. ‘वसंत, पोरगं निळं पडतंय. ऊठ!’ बाबांच्या हातातला पान्हा खाली पडला. ते आत धावले, अभिला खांद्यावर टाकलं आणि जिना चढले. मी मशीन छातीशी धरून मागे, आई विस्कटलेल्या केसांनी, पिठाच्या हातांनी माझ्या मागे.

आंटींकडे त्या दिवशी ब्लॉकमधल्या चार-पाच बायका चहाला जमलेल्या होत्या. समोसे, चटणी, चांगल्या कपबशा. दार उघडलं आणि सगळ्या आमच्याकडे बघायला लागल्या. बनियनवर बाबा, हात कोपरापर्यंत काळे, लेंग्याचा एक पाय वर गेलेला. आंटींनी अभिकडे एकदाच पाहिलं. ‘हाय राम!’ म्हणून त्यांनी कूलरचा प्लग हिसकून काढला, माझ्या हातातलं मशीन घेऊन तिथे लावलं आणि जमिनीवर फतकल मारून अभिला मांडीवर घेतलं. मास्क स्वतःच धरला. ‘धीरे-धीरे, मेरे राजा. ले, साँस ले. शाबाश.’ मशीनचं घर्र घर्र आणि बाहेरचा वारा, एवढाच आवाज. कुणी कप उचलत नव्हतं. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि मला बाबांची लाज वाटत होती, त्या बनियनची, त्या हातांची, ‘अपने पैरों पे’ म्हणाले होते त्या रविवारची. आणि अभिचे ओठ निळे असताना मला असली लाज सुचत होती, म्हणून तिची आणखी वेगळी लाज. हळूहळू त्याचे ओठ राखाडी झाले, मग गुलाबी. मग शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी ऐकून आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

आंटी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘आवाज़ दे देते भाभीजी. बस एक आवाज़.’ मास्क त्यांनी अजून धरलेलाच होता. ‘मैं कोई ग़ैर हूँ?’ मला वाटलं, आता बाबा सावरून घेतील, काहीतरी विनोद करतील, बॅटरी नवी होती, दुकानदारानं फसवलं, असं काहीतरी. ते तसं करण्यात पटाईत होते.

बाबांनी ते काळे हात जोडले. ‘भाभीजी, वो तार... फिर से मिलेगी क्या?’

‘ऐसे मत माँगिए भाईसाहब,’ आंटी म्हणाल्या. त्यांनी चेहरा वळवला. ‘मेरी ही ज़बान ऐसी है. मुझे शर्म आती है.’

‘आने दीजिए,’ बाबा म्हणाले. ‘मुझे भी आ रही है. पर लड़का मेरा है, माँगना तो मुझे ही है.’ आणि त्या सगळ्या बायकांसमोर, हात तसेच जोडून, ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.